एका ताऱ्याचे व्याकरण

जव्हार-मोखाड्यात गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. महसुली दफ्तरात गाव एक. प्रत्यक्षात डोंगरउतारांवर विखुरलेले त्याचे अनेक पाडे. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक गाव ही पाड्यांची यादी, आणि तालुका ही याद्यांची यादी. सगळे पाडे सलग हवे असतील, तर ती उलगडावी लागते.

पायथन या संगणकभाषेत त्यासाठी असे लिहितात: [पाडा फॉर गाव इन गावे फॉर पाडा इन गाव]. २००८च्या ३.० आवृत्तीपासून नावे देवनागरीत चालतात. 'फॉर', 'इन' मात्र रोमनच लिहावे लागतात. वाक्य पाड्यापासून सुरू होते. तो कुठून आला, हे शेवटी कळते. दोन 'फॉर'चा क्रम चुकतो तो इथेच.

३.१५ या नव्या आवृत्तीत हेच [*गाव फॉर गाव इन गावे] असे लिहिता येते. तारा म्हणजे 'उघडून आतले सगळे घे'. साध्या यादीत तो २०१५च्या ३.५ आवृत्तीपासून चालतो. अशा फिरत्या रचनेत वर्ज्य होता. ७९८ क्रमांकाच्या प्रस्तावाने तो अपवाद काढला. भाषेत भर पडली, ती एक मनाई कमी होऊन.

तारा गाळला, तर मोजणी गावांची होते. पाडे आत झाकलेले राहतात. रस्ता, अंगणवाडी, नळ यांची गरज पाड्यागणिक वेगळी; म्हणून एका चिन्हाचा हा फरक किरकोळ नाही. पण तारा यादीत असलेलेच उघडतो. मुळात न नोंदलेल्या पाड्यासाठी डोंगर चढूनच जावे लागते.