पाहण्याची शिक्षा

महाभारतातले युद्ध सुरू होण्यापूर्वी व्यास धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ करतात. रणांगण पाहायचे असेल तर पाहा, म्हणतात. धृतराष्ट्र नको म्हणतो. आप्तांचा संहार पाहण्याची त्याची तयारी नसते, ऐकण्याची असते. म्हणून ती दृष्टी संजयाकडे जाते. त्या आंधळ्या राजाला निदान नकार देता आला. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द चिल्ड्रन ऑफ हूरिन' या कादंबरीतल्या हूरिनला ती सोय नाही. युद्धात जिवंत सापडलेला हा मानी सरदार, आपल्या मित्रराजाची गुप्त नगरी कुठे आहे ते काही केल्या शत्रूला सांगत नाही. तेव्हा मॉर्गॉथ, म्हणजे त्या जगातली सर्वांत मोठी दुष्ट शक्ती, त्याला उंच डोंगरावर एका दगडी आसनावर जखडून ठेवतो, त्याच्या बायकोमुलांना शाप देतो आणि त्यांचे काय होते ते बघत बसण्याची शिक्षा देतो. बघायचे तेही मॉर्गॉथच्याच डोळ्यांनी, ऐकायचे त्याच्याच कानांनी. हूरिनची ही कैद २८ वर्षे चालते.

टॉल्किन म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आठवते, आणि २००१ ते २००३ या काळात त्यावर आलेले तीन चित्रपट. त्या गोष्टीत अंधार पुष्कळ आहे, पण शेवटी माणसे घरी परततात. तीच अपेक्षा घेऊन कोणी या कादंबरीकडे वळणार असेल, तर त्याला आधीच सावध केलेले बरे. इथे परतायला घरच उरत नाही.

हे पुस्तक प्रसिद्ध झाले २००७ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. पण त्याचे मूळ फार मागे जाते. फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यात कुल्लेर्वो नावाचा एक अभागी तरुण आहे. त्याच्या हातून नकळत बहिणीशी पाप घडते, बहीण पाण्यात जीव देते आणि तो स्वतःच्या तलवारीवर मरतो. ऑक्सफर्डला शिकत असताना, १९१४ मध्ये, टॉल्किनने ही कथा आपल्या पद्धतीने सांगायला घेतली आणि अर्धवट सोडली. पुढे पहिले महायुद्ध आले. १९१६ साली तो सोमच्या खंदकांत होता; युद्ध संपले तेव्हा त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच हयात होता. त्यानंतर हीच कथा त्याने आपल्या कल्पित जगात रुजवली. एकदा गद्यात, मग जुन्या इंग्रजी धर्तीच्या अनुप्रासयुक्त पद्यात दोन हजारांवर ओळी, मग पुन्हा गद्यात. पुरी मात्र कधीच झाली नाही. १९७३ मध्ये तो वारला, आणि कागदांचे ढीग त्याच्या धाकट्या मुलाकडे, ख्रिस्तोफरकडे, आले. बापाच्या निरनिराळ्या वेळच्या मसुद्यांमधून, आपल्या पदरचे शक्य तितके कमी घालून, ख्रिस्तोफरने हे सलग पुस्तक उभे केले तेव्हा तो स्वतः ८२ वर्षांचा होता. बापाने मुलांच्या वाट्याला काय ठेवले याची ही कथा एका मुलाने अशी राखून आपल्यापर्यंत पोचवावी, हा योगायोग मला पुस्तक मिटल्यावरही सोडत नव्हता.

सुरुवातीची पाने चिकाटीने वाचावी लागतात. अमक्याचा मुलगा तमका, त्याची आत्या अमक्या घराण्यात दिलेली, असा कुळांचा पसारा. शेवटी दिलेल्या वंशावळीत एक बोट घालूनच वाचावे लागते. (आपल्याकडे लग्नघरी नाती सांगायला बसलेल्या आत्याबाई बऱ्या, असे वाटते.) पण एकदा हूरिनच्या घरात शिरलो की पुस्तक हात सोडत नाही. टूरिन पाच वर्षांचा, त्याची बहीण तीन वर्षांची. तिचे खरे नाव वेगळे, पण सारे तिला लालाइथ म्हणतात, म्हणजे हसू. उत्तरेकडून वाईट वारा येतो, दोन्ही मुले तापाने फणफणतात. टूरिन वाचतो, ती जाते. हूरिन विलापगीत रचायला वीणा घेतो, सूर लागत नाही, आणि तो वीणाच मोडून टाकतो. आई मॉर्वेन मात्र कोणासमोर टिपूस गाळत नाही, आणि मुलीचे ते लाडके नाव पुन्हा घेऊ नको म्हणून मुलाला बजावते. रडणारा बाप आणि न रडणारी आई, आणि मुलगा गेला आहे आईवर. पुढे जे घडते त्याचे अर्धे बीज या दोन पानांत आहे.

त्या घरी साडोर नावाचा एक लंगडा गडी असतो. कुऱ्हाड चालवताना त्याचा पाय त्याच्याच हातून तुटलेला. टूरिन त्याच्याभोवती घुटमळतो, मरण म्हणजे काय असे प्रश्न विचारतो. आठव्या वाढदिवसाला बाप त्याला एल्फ कारागिरांनी घडवलेली देखणी सुरी देतो, आणि हे पोर ती जाऊन साडोरला देऊन टाकते. का, तर त्याच्यावर आपला जीव आहे म्हणून. कादंबरी संपता संपता दुसरा एक लंगडा माणूस येतो: ब्रँडिर, जंगलात राहणाऱ्या लोकांचा सौम्य नायक. तो टूरिनला खरे सांगतो, आणि टूरिन त्याला तलवारीने मारतो. लेखक या दोन प्रसंगांमध्ये बोटसुद्धा उचलून दाखवत नाही. ज्या हाताने लंगड्याला सुरी दिली तोच हात इथवर कसा आला, हे आपले आपण शोधायचे. साडोरचे तर त्याहून वाईट. बऱ्याच वर्षांनी आईला शोधत टूरिन गावी येतो. घर ओस. गाव परक्यांच्या ताब्यात. ब्रॉडा नावाच्या त्यांच्या नायकाने हूरिनच्या नात्यातल्या एरिनला जबरदस्तीने बायको केलेले. या एरिननेच मॉर्वेनला लपूनछपून अन्न पुरवले होते. टूरिन भर मेजवानीत शिरतो, ब्रॉडाला ठार करतो, मारामारी पेटते, तीत म्हातारा साडोर मरतो. टूरिन निघून जातो. मागे राहिलेली एरिन ते घरच पेटवून देते. वीराच्या एका संध्याकाळच्या पराक्रमाची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजायची, हे दाखवणारी याहून करकरीत पाने मी अद्भुतकथेत वाचलेली नाहीत.

शाप खरा, की माणसाचा स्वभाव खरा? पुस्तक वाचताना हा प्रश्न सतत टोचतो. मॉर्गॉथ टूरिनवर स्वतः कधी हात उगारत नाही. टूरिन राजा थिंगोलच्या आश्रयाला असताना सायरॉस त्याच्या आईचा अपमान करतो. त्याचा पाठलाग सायरॉसच्या मृत्यूत संपतो. राजा चौकशी करून क्षमाही करतो, पण तोवर टूरिन वनात दरवडेखोरांबरोबर. क्षमा घेऊन जीवश्च मित्र बेलेग येतो, तर अभिमान परत जाऊ देत नाही. पुढे कैदेत पडलेल्या टूरिनच्या बेड्या तोडायला हाच बेलेग अंधारात वाकतो, आणि शत्रू समजून टूरिन त्यालाच मारतो. मग नार्गोथ्रॉन्ड. डोंगराच्या पोटातली ही लपलेली नगरी लपूनच तगलेली. टूरिनला चोरून लढणे पसंत नाही. त्याच्या आग्रहाने नदीवर भक्कम पूल बांधला जातो. पूल पाडा, दारे बंद करा, असा इशारा घेऊन दूत येतात. तो त्यांना झिडकारतो. मग एके दिवशी ग्लाउरुंग हा महाकाय ड्रॅगन येतो, आणि येतो तो त्याच पुलावरून.

यात शापाने काय केले? प्रत्येक ठिकाणी टूरिनने निवडले, आणि निवडताना त्याच्यापाशी धैर्य होते, माया होती, न्यायाची चाड होती. शाप या गुणांनाच दाराची कडी समजून आत येतो. माझ्या मते टॉल्किनने निकाल मुद्दामच दिलेला नाही. आणि हे सारे हूरिन ज्या डोळ्यांनी पाहतो ते डोळे वैऱ्याचे आहेत. मुलाची प्रत्येक चूक त्याला दिसते, त्यामागची माया दिसते की नाही कोण जाणे. जी. ए. कुलकर्णींच्या कथा ज्याने वाचल्या आहेत त्याला ही हवा अनोळखी वाटणार नाही.

टूरिन नावे बदलत राहतो. अन्याय झालेला, रक्ताने माखलेला, काळी तलवार, आणि अखेर तुराम्बार, म्हणजे नियतीचा स्वामी. आपल्या जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतही माणसे नाव आणि वेष बदलून हिंडत. हळबेशास्त्र्यांच्या १८६१ च्या 'मुक्तामाले'पासूनची ही वहिवाट. तिथे ओळख पटली की वाचक सुटकेचा श्वास सोडत असे. इथे ओळख पटणे हाच घाला आहे. ताटातुटीनंतर जन्मलेली, टूरिनने कधीच न पाहिलेली धाकटी बहीण निएनॉर ड्रॅगनच्या मोहिनीने स्मृती गमावून रानात भटकते, टूरिनला सापडते, आणि दोघे लग्न करतात. तिला दिवस गेलेले असताना टूरिन खोल दरीत दबा धरून ग्लाउरुंगच्या पोटात खालून तलवार खुपसतो. मरता मरता ड्रॅगन तिला खरे सांगतो, आणि तिची स्मृती परत येते. ती नदीत उडी घेते. टूरिन आपल्या तलवारीला विचारतो, आणि तलवार हो म्हणते.

काही गोष्टी खटकल्या. योगायोग फार आहेत, भाषा अधूनमधून इतकी जुनाट होते की पात्रे बोलण्याऐवजी शिलालेख वाचतात असे वाटते, आणि टूरिनवर जीव लावून मरणारी राजकन्या फिंडुइलास तर अर्ध्यातच निसटते. पण शेवटच्या दोन पानांपुढे या तक्रारी करायला जीभ रेटत नाही.

मॉर्गॉथ हूरिनला सोडून देतो. त्याला आता डांबून ठेवण्याचे कारण उरलेले नसते. म्हातारा, पिंगट झालेला हूरिन मुलांच्या स्मरणशिलेपाशी येतो. तिथे कोणीतरी बसलेले असते. मॉर्वेन. ती विचारते की मुलीला तो सापडला कसा. सारे काही पाहिलेला तो एकटाच माणूस. तो उत्तर देत नाही. दोघे शिलेला टेकून बसतात. सूर्य मावळतो तेव्हा ती त्याचा हात घट्ट धरते, आणि थोड्या वेळाने तो हात तसाच त्याच्या हातात राहतो.