मिटलेले डोळे

मार्गशीर्ष लागला म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील खेड्यांचें रूप पालटतें. सोयाबीनच्या काढणीची धांदल केव्हांच ओसरलेली असते. तुरीच्या शेंगा भरत येतात, हरभरा फुलावर येतो आणि हळदीचीं पानें कडेनें पिवळीं पडूं लागतात. हळद खणून, शिजवून, वाळवून बाजारीं जाण्यास अजून अवकाश असतो. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमचे शेतकरी तिच्याकडे अधिकच कौतुकानें पाहतात; परंतु या दिवसांत पाणी देण्यापलीकडे तिची फारशी सेवा करावी लागत नाहीं. माणसें ओट्यावर उन्हांत बसतात, शेकोटीजवळ बोलतात आणि लवकर निजतात.

पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यावर मी या गांवीं वडिलोपार्जित घरांत येऊन राहिलों. घर जुनें, माळवदाचें. पलीकडे कयाधूचें पात्र. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून वंदिलें जाणारें नर्सी हें गांव येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चिरंजीव पुण्यास असतात. "थंडीचे दोन महिने तरी इकडे या," असा त्यांचा दरवर्षीं आग्रह असतो, आणि दरवर्षीं आम्ही तो गोड बोलून टाळतों. कारण विचारल्यास मी "येथली शांतता" असें उत्तर देत असें.

ही शांतता माझ्या एकट्याच्या कौतुकाचा विषय नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मान्यता दिली. काटकोनांत पसरलेल्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या लांबींत अणुगर्भांतील कणाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडला तर तो ओळखण्याची योजना! असल्या यंत्राला आगगाडीचा धडधडाटही सोसत नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं शांत भूमीचा शोध घ्यावा लागला. अर्थात् ही शांतता अभंग आहे, असें मात्र कोणी समजूं नये. २१ मार्च २०२४ च्या पहांटें याच जिल्ह्याला ४.५ आणि ३.६ प्रतीचे भूकंपाचे दोन धक्के पाठोपाठ बसले, तेव्हां सारें गांव अंगणांत येऊन उभें होतें. वरून शांत दिसणाऱ्या भूमीच्या पोटांतही कांहीं हलत असतें. घरांतील शांततेचेंही तसेंच आहे, आणि तें मला एका मांजरीनें शिकविलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

मांजर पाळण्याचा छंद सौभाग्यवतींचा. आमच्या मनीवर, तिच्या रंगावरून व जातीवरून, माझा प्रथमपासूनच विश्वास नव्हता. त्यास माझी विद्याही कारण होती. हितोपदेशांतील दीर्घकर्ण नांवाचा मार्जार गोड गोड धर्मवचनें बोलून आंधळ्या गिधाडाच्या ढोलींत शिरतो, पाखरांचीं पिल्लें खातो आणि दोष गिधाडावर येतो, ही गोष्ट मीं शेंकडों मुलांना शिकविली होती. ढोंगी मनुष्याला मनुस्मृतींत 'बैडालव्रतिक' म्हटलें आहे. दक्षिणेंत महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पांत उभें राहून तप करणारें मांजर कोरलेलें आहे आणि त्याच्या पायाशीं उंदीर जमले आहेत. आपल्या मराठींतही मांजर डोळे मिटून दूध पितें, तें जगाला फसविण्यासाठींच! इतक्या साक्षीदारांनीं दिलेली साक्ष मीं खरी मानली, यांत नवल तें काय?

दोन वर्षांपूर्वीं दत्तजयंतीच्या दिवशीं नैवेद्याच्या खिरींत मनीनें तोंड घातलें. मला क्रोध आवरेना. शेजारच्या एका तरुणाला बोलावून मनीला पोत्यांत घातलें, आणि मोटारसायकलीवरून कयाधूपलीकडे पांच-सहा कोसांवर सोडून येण्यास सांगितलें. सौभाग्यवती त्या वेळीं देवघरांत होत्या. बाहेर येऊन त्यांनीं रिकामी चुलीजवळची जागा पाहिली आणि शांतपणें म्हणाल्या, "अहो, नामदेवरायांच्या शेजारचें आपलें गांव. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें ते तुपाची वाटी घेऊन धांवले. आणि तुम्ही मांजरामागें पोतें घेऊन धांवलांत! ती गाभण आहे, हें तरी पाहिलेंत का?"

मीं पाहिलें नव्हतें. तीन वर्षें एका घरांत राहून मीं त्या जनावराकडे एकदांही नीट पाहिलें नव्हतें. जें पाहिलें होतें तें ग्रंथांतील मांजर.

त्या रात्रीं थंडी फार पडली. मांजराचे मूळ पूर्वज पश्चिम आशियांतील उष्ण, कोरड्या मुलखांतले. अंगाची ऊब राखण्यास विशेष श्रम पडूं नयेत म्हणून त्याला भोंवतालची हवा तीस अंशांहून अधिक उष्ण लागते. म्हणूनच तें चुलीच्या राखेजवळ जातें. त्यांत आळस नाहीं, गरज आहे. हें मला मागाहून कळलें. त्या रात्रीं एवढेंच कळत होतें कीं, मी दोन घोंगड्यांत आहें आणि ती उघड्यावर आहे. घर शांत होतें. पण त्या शांततेंत मला झोंप आली नाहीं. सौभाग्यवती रागावून बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं मी त्या तरुणासह ती जागा शोधीत गेलों. तुरीच्या शेतांतून हांका मारल्या. शेतकरी हंसले. आम्ही रिकाम्या हातांनीं परतलों.

आठव्या दिवशीं पहांटें मागील दारीं क्षीण आवाज आला. मनी आली होती. अंगावर चिखल वाळलेला, एक पंजा फाटलेला, पोट तेवढें मोठें दिसत होतें. कुत्रें माणसाला धरतें आणि मांजर घराला धरतें, असें म्हणतात. तें खरें असावें. कारण ती घरीं आली होती, माझ्याकडे आली नव्हती. मीं दुधाची वाटी पुढें केली, तों ती भिंतीला लागून सरकली आणि सौभाग्यवतींच्या पदराआड गेली.

पुढें सारा पौष असाच गेला. सकाळीं मी ओसरींत उन्हाला बसें. अंगणांत धोबी पक्षी शेंपूट हालवीत फिरत. ज्वारी हुरड्यावर आली, तशा भोरड्या आल्या. पूर्व युरोप व मध्य आशियाकडून येणारे हे पाहुणे सायंकाळीं थव्यानें वळत, तेव्हां आकाशावर कोणी घोंगडी झटकावी तसें दिसे. संक्रांत झाली, तिळगूळ वाटला गेला. सर्व कांहीं यथास्थित होतें. परंतु मी ओसरींत आलों कीं मनी उठून जाई. जेथें मी असें तेथें ती डोळे मिटीत नसे. बसली तरी कान माझ्याकडे वळलेले, डोळे उघडे.

याच सुमारास चिरंजीवांनीं फोनवर एक गमतीची गोष्ट सांगितली. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, माणसानें मांजराकडे पाहून डोळे बारीक करून सावकाश मिटले, तर मांजरही तसेंच करतें, आणि अनोळखी माणसाजवळसुद्धां येण्यास अधिक राजी होतें. मीं तो प्रयोग आरंभिला. साठी उलटलेला, शेंडीला पांढरेपण आलेला मास्तर मांजरासमोर बसून डोळे मिटतो आहे, हें पाहून सौभाग्यवती तोंडाला पदर लावून हंसत. मनी मात्र मजकडे टक लावून पाही आणि निघून जाई. मला राग येत नसे. विश्वासघात माझ्याकडून झाला होता. मुदत ठरविण्याचा अधिकार तिचा होता.

माघांत तिला तीन पिल्लें झालीं. मांजर आपलीं पिल्लें सात घरें फिरवितें, अशी आपल्याकडे समजूत आहे. आमच्या मनीनें घरांतल्या घरांतच फिरविलीं: प्रथम धान्याच्या खोलींत, मग माळ्यावर, मग सरपणामागें. एके रात्रीं गार वारा सुटला होता. मी ओसरींत दिवा लावून वाचीत बसलों होतों. दारांतून मनी आली, तोंडांत एक पिल्लूं. क्षणभर थांबली. मीं पुस्तक खालीं ठेविलें नाहीं, मानही हालविली नाहीं. तिनें तें पिल्लूं माझ्या पुस्तकांच्या पेटीजवळ, घोंगडीच्या टोंकावर ठेविलें. मग दुसरें आणलें. मग तिसरें. मग त्यांच्याभोंवतीं अंगाचें वेटोळें करून तिनें माझ्याकडे पाहिलें आणि सावकाश डोळे मिटले.

सुज्ञ वाचकहो, मांजराच्या मिटलेल्या डोळ्यांना आपण ढोंग म्हणत आलों. पूर्वसूरींना मी खोटें म्हणत नाहीं. त्यांना माणसांतले ढोंगी दाखवावयाचे होते, म्हणून त्यांनीं मांजराचा उपयोग केला. भीष्मांनीं शांतिपर्वांत युधिष्ठिराला सांगितलेल्या कथेंत पलित नांवाचा उंदीर जाळ्यांत सांपडलेल्या लोमश मार्जाराला सोडवितो, पण काम झाल्यावर त्याच्याजवळ जात नाहीं. बलवंतावर विश्वास टाकतांना दुर्बळानें सावध असावें, हा त्याचा बोध. मात्र ती कथा शिकवितांना मी नेहमीं लोमशाच्या ठिकाणीं मांजराला आणि पलिताच्या ठिकाणीं स्वतःला पाहत आलों होतों. आमच्या घरांत बलवंत कोण होतें? पोतें कोणाच्या हातांत होतें?

आतां मनीच्या पिल्लांपैकीं एक आमच्याच घरीं वाढलें आहे. माघ वद्यांत महाशिवरात्रीला औंढ्यास यात्रा भरते, मग ऊन तापूं लागतें आणि हळदीच्या कढया पेटतात. तोंवर हे थंडीचे दिवस दोघी मायलेकी माझ्या घोंगडीवर काढतात. चिरंजीवांचा आग्रह यंदाही आला. "येथली शांतता सोडवत नाहीं," असेंच मीं पुन्हां कळविलें; परंतु शब्दाचा अर्थ आतां माझ्यापुरता बदलला आहे. आवाज नसणें म्हणजे शांतता नव्हे; त्या आठ दिवसांत घरांत आवाज नव्हताच. आपल्याजवळ एखादा दुर्बळ जीव निर्धास्तपणें डोळे मिटूं शकतो, तेव्हां घरांत शांतता आहे असें समजावें.