वेदनाशमन सेवा आणि आपली श्रद्धा

दर वर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली या दिनाची घोषणा केली. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. परंतु कर्करोगासारख्या गंभीर आजारातील वेदनेवर परिणामकारक औषध आहे, आणि ते घेण्यास आपल्या धर्मशिकवणीची आडकाठी नाही, हे आजही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. म्हणून या सेवेची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९८६ साली टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी मुंबईत वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. असाध्य कर्करोग्यांना अखेरच्या दिवसांत आसरा देणारे हे भारतातील पहिले सदन होय. मात्र बहुतेक आजाऱ्यांना आपल्याच घरी, आपल्या माणसांत राहावेसे वाटते. त्यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभाग आणि घरभेटी हाच मार्ग. टाटा रुग्णालयात या कार्याचे नेतृत्व दीर्घकाळ डॉ. मेरी ॲन मुकाडेन यांनी केले. मूळच्या त्या किरणोपचारतज्ज्ञ. गाठीवर उपचार करता करता त्या माणसाच्या वेदनेकडे वळल्या. २०१२ साली याच रुग्णालयात या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला.

अशा बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर प्रथम ऐकून घेतात. वेदना कोठे, किती, झोप लागते का, घरी कोण आहे, मनात कोणती भीती आहे, हे विचारतात. तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन देतात. वेदना उसळण्याची वाट न पाहता ते ठरलेल्या वेळी, साधारणपणे दर चार तासांनी घ्यावयाचे असते. त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून जोडीला रेचक देतात. जखम कशी स्वच्छ ठेवावी, हे घरच्यांना शिकवतात. मूळ आजारावरील उपचार चालू असतानाही ही सेवा घेता येते.

मॉर्फिनने व्यसन लागते, मरण लवकर येते, अशी भीती बाळगली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेच्या प्रमाणात दिल्यास ही भीती सहसा अनाठायी ठरते. ख्रिस्तसभेची भूमिकाही स्पष्ट आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना वेदनाशामकांचा वापर नीतीला धरून असल्याचे सांगितले. केवळ गंभीर कारणावाचून आजाऱ्याची शुद्ध हरपू देऊ नये, असेही बजावले. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ या सेवेला निरपेक्ष प्रेमाचे एक विशेष रूप मानतो. दयामरण मात्र ख्रिस्तसभेला सर्वस्वी अमान्य आहे.

यात आपल्यासाठी मोठा बोध आहे. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला प्रार्थना सुचत नाही. वेदना आटोक्यात आली की तो मुलाबाळांशी बोलू शकतो, रुसवे मिटवू शकतो, पापनिवेदन करून ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतो. अनेक घरांत मात्र आजार लपविला जातो आणि फादरांना बोलावणे जाते ते शुद्ध हरपल्यावर. तैलाभ्यंग हा केवळ अखेरच्या घटकेचा संस्कार नव्हे. गंभीर आजार जडताच तो मागावा.

नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्यातून कर्करोगाच्या उपचारासाठी नागपूर गाठावे लागते. मॉर्फिन मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळते. कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने त्यासाठीच्या परवान्यांचा गुंता कमी केला. तरी ते गावोगावी पोहोचलेले नाही. अशा वेळी धर्मग्रामाने पुढे यावे. नागपूरच्या डॉक्टरांना वेदनाशमन सेवेविषयी आवर्जून विचारावे. आजाऱ्याला प्रवास झेपत नसेल, तर औषध आणून देण्यास एखाद्या तरुणाने सोबत करावी. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला वा लेकीला शेजारणीने दोन तास विसावा द्यावा. चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला प्रथम तेल व द्राक्षारस लावला, हे आपण विसरू नये.