जुनी डिझेल गाडी आणि तेलाचे इंधन

जबलपूरची पार्श्वभूमी

लष्करी वाहनांच्या कारखान्यांमुळे जबलपूरची डिझेलशी ओळख जुनी आहे. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रक आधी येथील गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे १९६९मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत तयार होत असे. याच शहरात पूर्वी बनणारी ‘जोंगा’ ही लष्करी जीप मुळात पेट्रोलवर चालणारी. लष्कराच्या लिलावातून नागरी हातांत आलेल्या अनेक जोंगांत मात्र मालकांनी डिझेल इंजिन बसवून घेतले, कारण तिची पेट्रोलची भूक परवडणारी नव्हती. अशा गाड्या आणि त्यांच्या पिढीतल्या मॅटाडोर, ट्रॅक्स, महिंद्र जीप यांच्याबाबत एक प्रश्न हमखास निघतो: शहरातल्याच गोरखपूर बाजारातल्या कढईत उरलेल्या तेलावर किंवा मंडला भागातल्या मोहाच्या तेलावर हे इंजिन चालेल का? चालते, पण त्यासाठी तेल तरी बदलावे लागते, नाहीतर गाडी तरी. तेल बदलण्याच्या मार्गातून बायोडिझेल मिळते. गाडी बदलण्याच्या मार्गात तेल आहे तसेच जाळले जाते.

पॅरिसमधले शेंगदाणा तेल

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीचे एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच घडवले होते, असे या प्रसंगावरून पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. ते इंजिन खनिज तेलासाठी बनवलेले होते आणि काही फेरफार न करता शेंगदाणा तेलावर चालले, हेच त्या प्रयोगाचे महत्त्व. दाबाने तापलेल्या हवेत पेटेल असे कोणतेही तेल या इंजिनाला तत्त्वतः चालते. घटकाभर चालणे आणि वर्षानुवर्षे चालणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते मुख्यतः तेलाच्या दाटपणामुळे पडते.

दाटपणाची अडचण

४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता साधारण २ ते ४.५ सेंटीस्टोक असते. सोयाबीन, शेंगदाणा, करंज यांच्या तेलांची ३० ते ४०च्या घरात. इतके दाट तेल नोझलमधून धुक्यासारखे फवारले जात नाही. थेंब मोठे पडतात, पुरते जळत नाहीत आणि जिथे पडतात तिथे कोळसा धरतात. कच्च्या तेलावर बराच काळ चाललेल्या इंजिनाचे नोझल काढले, तर टोकाशी काळ्या कार्बनचे कडक बोंड वाढलेले दिसते. छिद्राचा काही भाग त्याने बुजलेला असतो, त्यामुळे फवारा एका अंगाला झुकतो. पिस्टनच्या वरच्या कड्याही अशाच चिकटून बसतात. मग दाब कमी होतो, पांढरा धूर येतो आणि सकाळी स्टार्टर फिरत राहतो.

इंजिनाचा घाट

हा त्रास सर्व इंजिनांना सारखा होत नाही, आणि जुनी गाडी इथेच नव्या गाडीपेक्षा वरचढ ठरते. जुन्या लहान डिझेल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये न पडता आधी एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. हा कक्ष तापलेला असतो आणि त्यात हवेला जोराचा भोवरा मिळतो. म्हणून फवारा जरा जाडाभरडा असला तरी निभावते. एम.ए.एन. कंपनीने १९५०च्या दशकात वेगळी वाट काढली. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी ठेवून इंधनाचा पातळ थर तिच्या तापलेल्या भिंतीवर पसरवायचा आणि तो वाफेच्या रूपाने जाळायचा. या रचनेची इंजिने इंधनाबाबत फारशी चोखंदळ नसत, म्हणून लष्करांना ती आवडली.

पूर्वकक्ष असलेले एक नामांकित इंजिन म्हणजे मर्सिडीजचे ओएम ६१६. पाश्चात्त्य देशांत वनस्पती तेलावर गाडी चालवण्याचा नाद असलेले लोक मर्सिडीजच्या जुन्या गाड्या शोधतात, त्या बहुतांशी याच घराण्यातल्या इंजिनांसाठी. हेच इंजिन १९८०च्या दशकापासून पुण्याच्या बजाज टेम्पोने परवान्यावर बनवले आणि ते मॅटाडोरमध्ये व पुढे ट्रॅक्समध्ये बसवले. तिकडे जे हौसेने मिळवावे लागते, ते इकडे ट्रॅक्सच्या बॉनेटखाली निमूटपणे प्रवासी वाहत होते.

पंपाचा प्रकारही तितकाच निर्णायक आहे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र दट्ट्या असतो आणि पंपाच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइलचे वंगण मिळते. रोटरी पंपाला वंगण मिळते ते खुद्द इंधनाकडून. थंड, दाट तेलाने त्याचा रोटर जाम होऊ शकतो. कॉमन रेल इंजिनांचा तर प्रश्नच वेगळा. पूर्वकक्षाचे नोझल सव्वाशे बारच्या आसपास उघडते, तर कॉमन रेलमध्ये दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तेथे कच्चे तेल घालणे म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाला आमंत्रण.

बायोडिझेल कसे तयार होते

वनस्पती तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅशच्या साहाय्याने मिथेनॉलशी अभिक्रिया घडवली की कणा सुटतो आणि तिन्ही साखळ्यांचे स्वतंत्र एस्टर होतात. हे एस्टर म्हणजे बायोडिझेल. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल लागते. सुमारे १०० किलो बायोडिझेल मिळते आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन खाली बसते. अभिक्रिया ६० अंशांच्या आसपास चालते, कारण मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळू लागते. मिळालेल्या इंधनाची श्यानता ३.५ ते ५ सेंटीस्टोकपर्यंत उतरते, म्हणजे डिझेलच्या जवळ येते.

अभिक्रिया पूर्ण झाली की नाही, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल घालून बाटली हलवतात. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळते, अर्धवट राहिलेले तेल विरघळत नाही. काही मिनिटांनी तळाशी पिवळसर थेंब जमला, तर माल कच्चा. ही परीक्षा सोपी असली तरी कृती घरगुती नव्हे. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ सहज पेटते आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही.

तेल आहे तसेच वापरण्याची रीत

या मार्गात गाडीला दुसरी टाकी बसवतात. इंजिन डिझेलवर सुरू होते. रेडिएटरचे गरम पाणी दुसऱ्या टाकीतल्या नळीतून फिरवून तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवले जाते, तेव्हा त्याचा दाटपणा बराच उतरतो. मग झडप फिरवून तेल सुरू करतात. गाडी बंद करण्यापूर्वी पुन्हा काही मिनिटे डिझेलवर चालवून पंप व नोझल धुऊन काढावे लागतात. हा क्रम एकदा चुकला तरी थंड तेल पंपातच राहते. म्हणून लांब पल्ल्याच्या गाडीला ही रीत मानवते. गोरखपूरहून सदरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचे तेल धड तापतही नाही.

रबर, फिल्टर, इंजिन ऑइल

बायोडिझेल चांगले द्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ ते सोडवते आणि तो पहिल्या काही टाक्यांतच फिल्टरमध्ये येऊन अडकतो. गाडी चढावर दम टाकू लागली की दोष इंधनाला दिला जातो. खरे तर फिल्टर बदलायचा असतो. नैसर्गिक रबराच्या नळ्या आणि वॉशर बायोडिझेलने फुगतात, म्हणून त्यांच्या जागी फ्लोरोरबरच्या घ्याव्या लागतात. कच्च्या तेलाचा धोका निराळा. न जळलेले तेल कड्यांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि तेथे डिंकासारखे घट्ट होते. अशा गाडीचे ऑइल नेहमीपेक्षा बरेच लवकर बदलावे लागते.

मोह, करंज, मोगली एरंड

तंत्र हाताशी असूनही अडते ते तेलाच्या पुरवठ्यावर. नियोजन आयोगाच्या समितीने २००३मध्ये बायोडिझेलचा कार्यक्रम सुचवला, तेव्हा सगळी भिस्त मोगली एरंडावर होती. हे झुडूप पडीक जमिनीत तग धरते हे खरे. पण तग धरणे आणि पीक देणे एक नव्हे, आणि पाण्याखतावाचून बी फारसे येत नाही. २०१७पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट कागदावरच राहिले. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने ते २०३०पर्यंत ५ टक्क्यांवर आणले.

जबलपूर-मंडला पट्ट्यात जवळचे झाड मोहाचे. त्याच्या बियांना, म्हणजे गुल्लीला, चांगले तेल असते. त्यात मुक्त मेदाम्ले पुष्कळ असल्यामुळे थेट कॉस्टिक घातले तर साबण होतो; आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. शिवाय हे तेल थंडीत थिजते, आणि जबलपूरच्या हिवाळ्यात पहाटेचा पारा १० अंशांखाली जातो. सरकारी याद्या त्याला अखाद्य म्हणतात, पण अनेक आदिवासी घरांत गुल्लीचे तेल स्वयंपाकात असते. ते गाड्यांत ओतण्याची योजना आखताना ही गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही.

कढईतले तेल

सर्वांत समंजस स्रोत म्हणजे तळून उरलेले तेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८पासून तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली की ते तळणीसाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू झाली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला लागणाऱ्या व्यावसायिकांना नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. समोसे, जिलेबी आणि नमकीन तळणाऱ्या लहान दुकानांचे तेल या मर्यादेखाली असते. ते पुन्हा कढईत जाते किंवा स्वस्तात विकले जाते. बायोडिझेलच्या कारखान्यापर्यंत ते पोचवायचे तर दुकानोदुकानी फिरून गोळा करावे लागते.

मिश्रण, धूर आणि कायदा

भारतीय मानक १५६०७ शुद्ध बायोडिझेलची कसोटी ठरवते. पंपावर मिळणाऱ्या डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. जुन्या पूर्वकक्षी इंजिनाला, नळ्या बदलल्यावर, २० टक्क्यांचे मिश्रण सहसा जड जात नाही. शुद्ध बायोडिझेलची ऊर्जा लिटरमागे साधारण ८ टक्क्यांनी कमी असल्याने मायलेज थोडे घटते. दुसरी टाकी आणि तापक यांची बाब वेगळी: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी घटते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे किंचित वाढतात. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत फक्त धुराची घनता मोजली जाते. त्यामुळे ही घट कागदावर येते, वाढ येत नाही.