स्वस्त संचाची उरलेली किंमत

धनत्रयोदशीच्या आगेमागे दिल्लीच्या द्वारका उपनगरातील कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी क्षणभर उभे राहिले, तर पहारेकऱ्याच्या वहीत नोंद होऊन आत जाणाऱ्या मालात चपट्या, रुंद आणि काळजीपूर्वक हाताळण्याचा इशारा छापलेल्या खोक्यांचा भरणा विशेष असल्याचे दिसून येईल. दहा-पंधरा हजार रुपयांत बत्तीस इंची, आणि वीस-पंचवीस हजारांच्या आतबाहेर त्रेचाळीस इंची ‘स्मार्ट’ दूरचित्रवाणी संच मिळू लागल्यापासून, जी वस्तू घ्यावी की नाही यावर पूर्वी घरात वर्षभर खल चाले, ती आता मोबाइलच्या भावात येऊन बसली आहे. या स्वस्ताईचा आरंभ साधारणपणे मार्च २०१८ मध्ये, शाओमीने बत्तीस इंची संच १३,९९९ रुपयांना बाजारात आणला तेव्हा झाला, असे म्हणता येईल. त्यानंतर इतर कंपन्यांनाही आपले भाव खाली आणणे भाग पडले.

दिल्लीला या यंत्राचे अप्रूप असण्याचे तसे कारण नाही. भारतातील दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी याच शहरातून झाले. मुंबईला त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले ते दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांतील सामुदायिक संचांसाठी, आणि आज जेथे द्वारकेचे क्रमांकित सेक्टर उभे आहेत तेथे त्या काळी ककरोला, पोचनपूर, बागडोला अशा गावांची शेते होती. खाजगी संच बाळगणाऱ्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क बिनबोभाट भरावे लागे. तो परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. परंतु नवा संच भिंतीवर चढवून प्रथम सुरू केला, की पडद्यावर अटी आणि शर्तींचे जे लांबलचक कलमवार दस्तऐवज उमटते, आणि जे न वाचता ‘मान्य’ म्हटल्याखेरीज पुढचे पान उघडत नाही, ते पाहिल्यावर जुन्या परवान्याची आठवण होते. फरक इतकाच, की त्या परवान्यात आपण काय देतो याचा आकडा स्पष्ट लिहिलेला असे.

या संचाकडे दिल्लीतील मराठी माणूस वळला त्याचे कारण मात्र केवळ भावाचे नव्हे. बदलीच्या नोकरीनिमित्त, विमानतळाच्या जवळिकीमुळे किंवा मध्य दिल्लीतील भाडे परवडेना म्हणून द्वारकेत स्थिरावलेल्या कुटुंबांना आपल्या भाषेतील करमणूक ही फार दिवस खटपटीने मिळवावी लागली. आकाशवाणीच्या मराठी बातम्या अनेक वर्षे दिल्लीतूनच वाचल्या जात आणि अवघा महाराष्ट्र त्या ऐके. पण त्याच दिल्लीतल्या केबलवाल्याकडे मराठी वाहिनीची दरखास्त केली, तर ‘यहाँ कौन देखता है’ हेच उत्तर बहुधा पदरी पडे. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एकेक वाहिनी निवडून घेण्याची सोय केली, आणि पुढे इंटरनेटवरून मालिका, नाटके व चित्रपट थेट पडद्यावर येऊ लागले, तेव्हा केबलवाल्याच्या मर्जीचा प्रश्नच मिटला. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात किंवा एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवातच जे नाटक वर्षातून एकदा पाहायला मिळायचे, त्याचे चित्रमुद्रण आता घरी आजीबाईंना रिमोटवरील बटण दाबून, नुसते तोंडाने मागता येते. एवढ्या एका सुखासाठी संचाचे अनेक दोष माफ करावेत असे मला वाटते; मात्र माफ करण्यापूर्वी ते माहीत असावेत.

पहिला प्रश्न, एवढ्या कमी रकमेत हा संच होतो कसा? त्याच्या मूल्याचा सर्वांत मोठा हिस्सा पॅनेलचा, म्हणजे चित्र दाखविणाऱ्या काचेचा असतो, आणि ती काच मुख्यत्वे चीनमधून येते. तिला पाठीमागचे दिवे, विजेचा संच, मुख्य मंडल आणि पेटी जोडण्याचे काम येथे होते, आणि त्यातले पुष्कळसे द्वारकेहून यमुना ओलांडताच लागणाऱ्या नोएडाशी निगडित आहे: इतरांच्या नावाचे संच बनवून देणाऱ्या डिक्सन कंपनीची मुख्य कचेरी तेथेच आहे, आणि कोडॅक, थॉमसन, ब्लॉपुंक्ट ही अनुक्रमे अमेरिकन, फ्रेंच आणि जर्मन नावे परवान्याने घेऊन संच विकणारी सुपर प्लास्ट्रॉनिक्सही तेथलीच. म्हणून दर्शनी पट्टीवरील नामांकित अक्षरांवर भाळून घाईने निर्णय करू नये. नाव विलायती असले तरी सेवा देणारा माणूस देशी असतो, आणि तो आपल्या वस्तीत किती दिवसांत येतो हा प्रश्न नावाच्या प्रतिष्ठेपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

काटकसर कोठे केली जाते ते जाहिरातीत लिहिलेले नसते. पडद्याची उजळता बेताची ठेवलेली असते, त्यामुळे खोक्यावर ‘एचडीआर’ ही अक्षरे असली तरी त्या तंत्राला लागणारा प्रकाशच तेथे नसतो, आणि द्वारकेतल्या दक्षिणाभिमुख दिवाणखान्यात दुपारी पडदा न ओढता चित्र धड दिसत नाही. दुसरी काटकसर स्मृतीची. एक गिगाबाइटची कार्यस्मृती आणि आठ गिगाबाइटचे कोठार, हे स्वस्त संचाचे ठरलेले माप. त्यातले निम्मेअधिक कोठार मूळ प्रणालीच व्यापते, आणि वर्ष-दोन वर्षांत उपयोजने जड होत गेली की रिमोटचे बटण दाबणे आणि पडद्यावर काही घडणे यांच्यामध्ये एक सुस्कारा टाकण्याइतके अंतर पडू लागते. तिसरी बाब अधिक फसवी: बाजारात काही संचांवर अँड्रॉइडची मोफत, प्रमाणपत्राविना आवृत्ती चढविलेली असते, तो संच दुकानात झकपक दिसतो, पण घरी आणल्यावर नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यावर एक तर चालत नाहीत, किंवा धूसर चित्रावर समाधान मानायला लावतात.

आणि उरलेली किंमत? ती हप्त्याहप्त्याने, आपल्या नकळत वसूल होते. संच सुरू करताच समोर येणाऱ्या मुख्य पानावर कोणत्या मालिकेचे चित्र मोठे असावे, रिमोटवर कोणत्या कंपनीच्या नावाचे बटण असावे, याचे पैसे घेतले जातात; आणि अनेक संचांत स्वयंचलित आशय-ओळख नावाची योजना असते, जी पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचे अंश टिपून, मग ते केबलचे असो वा पेनड्राइव्हवरचे, आपण काय पाहतो याचा तपशील दूरवरच्या संगणकास कळविते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून असा तपशील पुरेशा संमतीविना गोळा केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये निघाले, आणि कंपनीला २२ लाख डॉलर देऊन ते मिटवावे लागले. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. तरीही संमतीचे ते पान न वाचता मान्य करणे म्हणजे अनोळखी इसमाला घराचे मुखत्यारपत्र लिहून देणे होय. ‘सेटिंग्ज’मध्ये गोपनीयतेच्या सदराखाली जाऊन आशय-ओळख आणि व्यक्तिगत जाहिराती या दोन्ही बंद करता येतात, त्यासाठी पाच मिनिटे खर्चावीत. त्याने जाहिराती नाहीशा होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

या व्यवहाराचा दुसरा पदर भारतीय स्पर्धा आयोगापुढे उलगडला. संच बनविणाऱ्यास गूगलचे एक उपयोजन हवे असेल तर सारा गठ्ठाच घ्यावा लागतो आणि अँड्रॉइडचे अन्य वाण वापरण्यास मज्जाव होतो, या तक्रारीवर आयोगाने जून २०२१ मध्ये चौकशीचा हुकूम दिला. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २०.२४ कोटी रुपये भरून तडजोड केली, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या संचांसाठी आपले उपयोजन-भांडार व त्याच्या आनुषंगिक सेवा स्वतंत्र परवान्याने देण्याचे मान्य केले. ग्राहकाच्या दृष्टीने याचा परिणाम सावकाश दिसेल.

आकारासंबंधी माझे मत स्पष्ट आहे. बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर असे आणि बत्तीस इंचांपर्यंत १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोहोंवर १८ टक्केच आहे, तेव्हा कराच्या धाकाने लहान संच घेण्याचे कारण संपले. बत्तीस इंची संचात बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे चित्र मिळते. त्रेचाळीस इंचीचे क्षेत्रफळ त्याच्या पावणेदोन पटींहून किंचित अधिक, आणि भिंतीवर त्याला सुमारे ९५ सेंटिमीटर रुंदी पुरते. सात-आठ फुटांवर सोफा असलेल्या द्वारकेच्या दिवाणखान्यास तोच योग्य. बत्तीस इंची आजीच्या खोलीत.

घरी आल्यावरच्या अडचणी वेगळ्याच असतात. बहुमजली इमारतीत वर, खाली आणि शेजारी प्रत्येक घरात एक राउटर, आणि वायफायच्या जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परस्परांना न छेदणारे मार्ग तीनच. म्हणून रात्री नऊच्या सुमारास, ऐन रंगात आलेल्या प्रसंगी, पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते आणि दोष बिचाऱ्या संचावर येतो. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा पकडणारा संच निवडावा, किंवा सरळ तार ओढावी. आवाज चपट्या पेटीतून चपटाच येतो. वयस्कर मंडळींना संवाद कळत नसतील तर त्यांच्या कानांना बोल लावण्यापूर्वी एखादी साधी ध्वनिपट्टी जोडून पाहावी. एप्रिल-मे महिन्यांत धुळीचे लोट येतात तेव्हा पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. काच पुसण्याचा फवारा थेट मारल्यास द्रव कडेने आत उतरतो.

तीन-चार वर्षांनी चित्र काळवंडले आणि आवाज मात्र चालू राहिला, तर बहुतेक वेळा पाठीमागच्या दिव्यांची पट्टी गेलेली असते. ‘स्ट्रिप गई है’ असे सांगणारा कारागीर प्रामाणिक समजावा, कारण हे काम थोडक्यात होते. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटात अशा पट्ट्या सुट्या मिळतात. पॅनेल फुटले असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळपास जातो, आणि आपटून फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही. याहून अधिक वेळा घडते ते असे, की काच ठणठणीत असते आणि आतली प्रणाली जुनी होऊन उपयोजने तिला नाकारू लागतात. अशा वेळी संच बदलण्याचे काही कारण नाही. तीन-पाच हजारांची एक स्ट्रीमिंग कांडी एचडीएमआयच्या खाचेत घातली की तोच पडदा आणखी काही वर्षे कामावर रुजू राहतो. म्हणूनच, खरेदीच्या वेळी पैसा चांगल्या पॅनेलवर आणि जवळच्या सेवाकेंद्रावर घालावा, ‘स्मार्ट’ गुणांच्या लांब यादीवर नव्हे, असा माझा सल्ला आहे.

जुना संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला, की तो बहुधा सीलमपूरच्या गल्ल्यांत पोचतो, जेथे उघड्या हातांनी तो फोडला जातो. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवा संच घेताना जुना परत घेण्याबाबत विक्रेत्याला विचारावे आणि त्याची पावती मागावी. नव्याचे खोके बसविणाऱ्या माणसासमक्षच उघडावे, पडदा पूर्ण पांढरा व पूर्ण काळा करून मृत ठिपके तपासावेत, आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. पुढे कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. तक्रार मराठीतही नोंदवून घेतली जाते.