चुलीभोवतीचे आयरिश घर

जुन्या आयर्लंडमधले खेड्यातले घर समजून घ्यायचे, तर आधी चूल आणि दार यांचे नाते पाहावे. अभ्यासकांनी या घरांचे प्रकार पाडले तेही त्यावरूनच. पूर्वेला आणि आग्नेयेला दार चुलीलगत असे. आत पाऊल टाकले की समोर आडभिंत. तिला बारीकसा झरोका ठेवत, म्हणजे चुलीशी बसलेल्याला कोण आले ते दिसे. पश्चिमेला मात्र दार चुलीपासून दूर, थेट स्वयंपाकघरात उघडे. तिकडच्या काही घरांत चुलीजवळची भिंत बाहेर काढून तिथे बिछान्यापुरती उबदार जागा केलेली असे. बहुधा घरातली म्हातारी माणसे तिथे निजत.

चुलीत जळे ते पीट, दलदलीतून कापून उन्हावाऱ्यात वाळवलेले. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी तेच फुलवायचे. बिडाच्या भांड्यात खाली-वर निखारे घालून पाव भाजला जाई. काही ठिकाणी गुरेही त्याच छपराखाली, घराच्या उताराकडच्या टोकाला बांधत.

घराचा आकार ठरवला तो लाकडाच्या टंचाईने. जंगले तुटून गेल्यावर वाशांसाठी दलदलीत गाडले गेलेले प्राचीन ओक आणि पाइन उकरून काढावे लागत. लांब लाकूड मिळणे कठीण, म्हणून घराची रुंदी एका खोलीएवढीच. वाढवायचे तर लांबीने. वाशांवर हिरवळीसकट कापलेले मातीचे थर आणि त्यावर पेंढा शाकारलेला. अटलांटिकच्या किनाऱ्यावर वारा छप्पर उचलून नेईल म्हणून त्यावरून दोर ओढून ते वळचणीखालच्या दगडी खुंट्यांना बांधत. मला या घरांतली सर्वांत देखणी गोष्ट हे दोरच वाटतात.

पण पोस्टकार्डांवरचे चुना दिलेले, अर्ध्या दाराचे टुमदार घर बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्याचे. १८४१ च्या जनगणनेत एका खोलीच्या मातीच्या झोपड्या सुमारे ४ लाख ९१ हजार भरल्या, म्हणजे देशातल्या घरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. खंड थकलेल्या कुळाने परत येऊन राहू नये म्हणून जमीनदारांची माणसे छपरे पाडत सुटली. १८५१ च्या गणनेत तशा झोपड्या उरल्या सुमारे १ लाख ३५ हजार.