रामाला आपण देव आहोत हे ठाऊक होतं का?

आपल्या शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटरवर. तिथल्या पंधराव्या लेण्याला दशावतार म्हणतात. त्यातला नरसिंह किंवा त्रिविक्रम बघितला, की हा देव आहे हे सांगावं लागत नाही. शेजारच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर रामायण कोरलेलं आहे. तिथे मात्र माणसं आणि वानर यांच्या गर्दीतून गोष्ट पुढे सरकते. रामही अवतारच, पण त्याचं देवपण रूपावरून कळत नाही. म्हणून रामकथा सांगणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न येतो: आपण देव आहोत, हे रामाला ठाऊक होतं का?

वाल्मीकींकडे बघू. रावणाने वर मागितला, की देव-दानवांच्या हातून मरण नको. माणसाला त्याने मोजलंच नाही. म्हणजे अवतार माणसाचाच हवा. युद्धकांडात, सीतेच्या अग्निपरीक्षेच्या वेळी देव येतात, तेव्हाही राम सांगतो, की मी स्वतःला दशरथाचा मुलगा, एक माणूस समजतो. तो नारायण आहे, हे ब्रह्मदेव त्याला सांगतो. म्हणून सीतेसाठी रानात केलेला त्याचा शोक खरा वाटतो.

पुढे अध्यात्म रामायणात राम सगळं जाणतो. रावण यायच्या आधीच तो सीतेला अग्नीत राहायला सांगतो. पळवली जाते ती तिची छाया. भक्ताला केवढा दिलासा! पण मग रामाचा शोक ही लीला ठरते, आणि अग्निपरीक्षा म्हणजे खरी सीता परत आणण्याचा मार्ग.

आता आपल्या पैठणला येऊ. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'भावार्थ रामायण' रचलं. युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत नाथांचं, पुढचं त्यांचे शिष्य गावबा यांचं. नाथांचा राम परब्रह्म आहे, यात शंकाच नाही. पण ते कथा आत वळवतात. कौसल्या म्हणजे सद्विद्या, कैकेयी म्हणजे अविद्या, रावण म्हणजे अहंकार. मग अवतार त्रेतायुगात होऊन गेला असं राहत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनात व्हायचा असतो.

1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमांचं 'गीतरामायण' सुरू झालं. 56 गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. तिथे लव-कुश गातात आणि राम स्वतःचीच कथा ऐकतो. वनात भेटायला आलेल्या भरताला माणसाची पराधीनता समजावणारा तो राम घराघरांत आपला वाटला.

यात योग्य कोण, अयोग्य कोण, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. पण फरक कुठे पडतो ते बघा. सीतेवर अन्याय झाला का, हा प्रश्न आपल्या घरांतल्या बायका ओव्यांतून विचारत आल्या आहेत. राम माणूस असेल, तर त्याला जाब विचारता येतो. सगळी लीलाच असेल, तर जाब विचारायला जागाच उरत नाही. पुढच्या वेळी कीर्तन ऐकाल, मालिका बघाल, तेव्हा एवढंच पाहा: ही कथा सांगणाऱ्याने तो प्रश्न विचारायला जागा ठेवली आहे का?